गुलालबारीतला मुलगा



आजचा विषय शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले, ही पहिली ओळ. औरंगजेब मेला आणि शाहू सुटला, ही दुसरी. या दोन ओळींच्या मध्ये साडेसतरा वर्षे आहेत. सात वर्षांचे पोर पंचविशीला टेकते एवढा हा काळ. या काळात त्या मुलाला वाढवले कोणी? त्याच्या आईने तर वाढवलेच. पण आईच्या जोडीने आणखी एका बाईचे नाव घ्यावे लागते, आणि ती बाई ज्याने त्याच्या बापाला हालहाल करून मारले त्या बादशहाची मुलगी होती. झीनतउन्निसा बेगम. तिच्याबद्दल आणि त्या मुलाबद्दल मी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला चालते ते इतिहासाचे शिक्षक होते, म्हणून तारखा जरा जास्त येतील. सांभाळून घ्या. आणि लहानपणीच्या शाहूंचा उल्लेख मी एकेरीत करीन, घरातल्या मुलाचा करतो तसा. त्यात अनादर नाही.

शाहूचा जन्म १८ मे १६८२ चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. नाव ठेवले शिवाजी, आजोबांचे. १६८९ च्या १ फेब्रुवारीला संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले. ११ मार्चला भीमाकाठी त्यांची हत्या झाली. रायगडावर येसूबाईंनी जे केले ते राज्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. स्वतःचा मुलगा गादीचा हक्कदार असताना त्यांनी दीर राजाराम यांना पुढे केले, त्यांना गडाबाहेर काढून दिले आणि आपण लेकरासह गडावर राहिल्या. वजीर असदखानाचा मुलगा इतिकादखान याने मार्चच्या अखेरीस वेढा घातला होता. नोव्हेंबरच्या आरंभी गड त्याच्या हाती गेला. या कामगिरीबद्दल त्याला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. हे नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे ते पुन्हा येईल.

नोव्हेंबरच्या २३ तारखेला हे कैदी बादशहाच्या छावणीत पोहोचले. छावणी कुठे होती? भीमाकाठी, कोरेगावला. ज्या परिसरात आठ महिन्यांपूर्वी बापाचा देह पडला त्याच परिसरात मुलगा आला. त्याला सात हजारी मनसब आणि राजा हा किताब देण्यात आला. कैद्याला मनसब, हे आपल्याला विचित्र वाटते. मोगलांना वाटत नसे. त्यांचे तंबू गुलालबारीला लागून लावले गेले. गुलालबार म्हणजे बादशहाच्या खाजगी तंबूंभोवतीचे लाल कापडाचे कुंपण. शेजारी झीनतउन्निसेचा डेरा होता.

आता ही बाई कोण? औरंगजेब आणि दिलरसबानू यांची ती मुलगी, ऑक्टोबर १६४३ ची. म्हणजे शाहू छावणीत आला तेव्हा तिला सेहेचाळीस वर्षे झाली होती. लग्न झालेले नव्हते, पुढेही झाले नाही. ती चौदा वर्षांची असताना, १६५७ मध्ये, तिची आई औरंगाबादला बाळंतपणानंतर महिनाभरात वारली. ज्याला आपण बीबीचा मकबरा म्हणतो ती तिच्या आईची कबर. थोरली बहीण झेबुन्निसा कवयित्री होती; भावाशी गुप्त पत्रव्यवहार केला म्हणून बापाने तिला १६८१ पासून दिल्लीच्या सलीमगडात कोंडून ठेवले आणि १७०२ मध्ये ती तिथेच वारली. आत्या जहाँआरा १६८१ मध्ये गेली. मग दक्षिणेत म्हाताऱ्या होत चाललेल्या बादशहाचे घर झीनतने सांभाळले. बापावर तिची निष्ठा होती. मराठ्यांची ती कोणी मैत्रीण वगैरे नव्हती. शिवाजी महाराज आणि मोगल शाहजादी यांच्या प्रेमाच्या ज्या कथा कादंबऱ्यांत आणि नाटकांत रंगवल्या गेल्या त्यांना काडीचाही आधार नाही. त्या इथे मध्ये आणू नयेत.

मग तिने या मुलाला जवळ का केले? चांगुलपणा होता, एवढे म्हणून भागत नाही. दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट त्या घराण्याच्या रीतीची. मोगलांच्या घरात भावाभावांची युद्धे होत, आणि हरलेल्याची मुले जिंकणाऱ्याच्या घरात येत. हुमायून इराणकडे पळाला तेव्हा वर्षा-सव्वा वर्षाचा अकबर मागे राहिला आणि शत्रू झालेल्या चुलत्याच्या, अस्करीच्या, ताब्यात गेला. कंदाहारला त्याला अस्करीच्या बायकोने, सुलतानम बेगमेने, सांभाळले. औरंगजेबाने आपला भाऊ दारा याला मारले. दाराची मुलगी जहाँझेब जहाँआराने वाढवली आणि पुढे ती औरंगजेबाचीच सून झाली, शाहजादा आझमची बायको. दाराचा मुलगा सिपिहर शुकोह आणि दुसरा भाऊ मुराद याचा मुलगा इझिदबख्श यांना औरंगजेबाने आपल्या दोन मुली दिल्या. म्हणजे झीनतच्या दोन सख्ख्या-सावत्र बहिणींचे सासरे त्यांच्याच बापाने मारलेले होते. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण त्यांचे जेवणखाण, सणवार, बाळंतपणे यातच होत होती. याच घराण्याची दुसरी रीतही होती. दाराचा थोरला मुलगा सुलेमान शुकोह ग्वाल्हेरच्या किल्ल्यात रोज अफूचे पाणी पाजून संपवला गेला. पकडलेल्या राजपुत्रापुढे हे दोन रस्ते असत, आणि शाहूच्या वाट्याला कोणता येईल हे १६८९ मध्ये कोणी सांगू शकले नसते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. झीनतच्या आईचा जीव ज्या बाळंतपणात गेला ते बाळ म्हणजे शाहजादा अकबर. तिचा सर्वांत धाकटा सख्खा भाऊ. या अकबराने १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केले, फसला, आणि दुर्गादास राठोडाबरोबर पळत पळत आला तो कोकणात. त्याला आसरा कोणी दिला? संभाजी महाराजांनी. झेबुन्निसा कैदेत पडली ती याच भावापायी. पाच-सहा वर्षे अकबर मराठ्यांच्या मुलखात राहिला. १६८७ मध्ये जहाजाने इराणला गेला तो परत आला नाही. जिच्या भावाला शाहूच्या बापाने आपल्या राज्यात ठेवून घेतले, तिच्या शेजारच्या तंबूत आता त्या माणसाचा मुलगा होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तिच्या मनात काय होते ते तिने लिहून ठेवलेले नाही. पण शाहूकडे पाहताना तिला हे आठवत नसेल असे मानणे मला जड जाते.

छावणी म्हणजे काय होती तेही डोळ्यांपुढे आणा. गेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत येऊन गेला. तीस मैलांचा घेर, अडीचशे बाजार, पाच लाख माणसे, असे त्याने लिहिले आहे. आकडे फुगवलेले असतील, प्रवाशांचे असतातच. तरी एक अख्खे शहर हत्ती-उंटांवर लादून भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात फिरत होते हे खरे. त्यानंतर चारेक वर्षे ते मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला स्थिरावले. या शहरात शाहू बारा-तेरा वर्षांचा झाला. आई होती, सावत्र भाऊ मदनसिंग होता, जोत्याजी केसरकरासारखी जीवाला जीव देणारी मोजकी माणसे होती. पण त्याच्या वयाच्या पोराने गावभर हुंदडावे, गडाच्या पायऱ्या मोजाव्यात, रानात जावे, यातले काही नव्हते. बाहेर पाऊल टाकले की पहारा. आणि रोज कानावर येणार ते काय? संताजीने अमुक खानाला लुटले, धनाजीने तमक्याला पळवले. ऐकणाऱ्यांपैकी हा एकटा असा की ज्याला आनंद झाला तर तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. एवढ्या गर्दीतला एकटेपणा तो हाच.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. त्यात बेगमेने शाहूवर माया केल्याचा उल्लेख आहे, आणि रियासतकार सरदेसायांनीही तो मान्य केला आहे. पण माया केली म्हणजे नेमके काय केले हे कागदांत फारसे सापडत नाही. बायकांनी केलेल्या रोजच्या गोष्टींचे अखबार निघत नसत. अखबार निघत ते बादशहाच्या तोंडच्या शब्दांचे. त्यामुळे आपल्या हाती एखादाच प्रसंग लागतो.

असा एक प्रसंग १७०० च्या सुमाराचा आहे. शाहू अठरा वर्षांचा. बादशहाने त्याला पाहिले आणि विचारले, हा एवढा पिवळा का पडला? हमीदुद्दीनखानाने सांगितले की हा शिजवलेले अन्न घेत नाही, फळफळावळ आणि मिठाईवर राहतो. कैदेत असताना शिजवलेले खायचे नाही असे त्याचे व्रत आहे. तेव्हा बादशहाने निरोप धाडला की तू कैदेत नाहीस, आपल्याच घरी आहेस, जेवत जा. या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला. म्हातारा बादशहा कनवाळूपणे बोलला असेल, नाही असे नाही. पण तो मुलगा काय सांगत होता ते पाहा. मनसब आहे, किताब आहे, शेजारी माया करणारी बेगम आहे, सगळे आहे. तरी हे घर नव्हे, ही कैद आहे, हे तो एक शब्द न बोलता अन्नातून सांगत होता. दहा-अकरा वर्षांनंतर आपला देव, आपली भाषा, आपली पंगत विसरून गेलेली मुले जगात थोडी नाहीत. हा विसरला नव्हता.

आता १७०३. बादशहाने शाहूला मुसलमान करण्याचा घाट घातला. तुम्हा भंडारेकरांना यातली गंमत लवकर कळेल, कारण हाच काळ आपल्याकडे बख्त बुलंद शहाचा. देवगडच्या या गोंड राजाने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला आणि त्या बदल्यात आपली गादी पदरात पाडून घेतली. नागपूर शहर त्यानेच वसवले. त्याला मी दोष देत नाही. राज्य चालवणाऱ्याचे हिशेब वेगळे असतात, आणि त्याने गोंडांशी आपले नाते तोडले नाही. पण तोच व्यवहार शाहूपुढे आला तेव्हा त्याने नाही म्हटले. कैदेत असलेल्या, सैन्य नसलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने औरंगजेबाला नाही म्हटले. परंपरा सांगते की या वेळी झीनत बेगम मध्ये पडली आणि तडजोड निघाली. शाहूच्या ऐवजी दोघांनी धर्मांतर करावे. पुढे आले ते खंडेराव आणि जगजीवन, नेसरीला पडलेल्या प्रतापराव गुजरांचे मुलगे. एकाचे नाव अब्दुर्रहीम झाले, दुसऱ्याचे अब्दुर्रहमान. बापाने सहा जणांनिशी घोडा घातला ती गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो. मुलांनी जे दिले ते कोणी सांगत नाही. माझ्या मते ते बापाच्या मरणाइतकेच अवघड होते, कारण त्यानंतर त्यांना जगायचे होते.

त्याच सुमारास बादशहाने शाहूची लग्नेही लावून दिली. एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. मनसब देणारा, वधू शोधणारा, धर्म मागणारा माणूस एकच. आणि त्या माणसाची मुलगी या सगळ्यांत मध्ये उभी. बापाला ती सोडत नाही, मुलालाही सोडत नाही. मी तिला मैत्रीण म्हणावे की मानलेली आत्या म्हणावे? कैदी आणि कैद करणाऱ्याच्या घरची बाई यांच्यात बरोबरी कधी नसते. तिने डोळे मिटले असते तर मुलगा ग्वाल्हेरला जाऊ शकला असता, हे दोघांनाही ठाऊक असावे. असल्या नात्याला गोड मुलामा देणारे लेख मला आवडत नाहीत. तरीही ते नाते होते. बाई बदलली नाही, मुलगा बदलला नाही, आणि दोघांनी एकमेकांना तसेच राहू दिले.

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला. शाहजादा आझमने, म्हणजे झीनतच्या सख्ख्या भावाने, स्वतःला बादशहा म्हणवले आणि तो उत्तरेकडे निघाला. शाहू बरोबर. रायगड घेणारा तो झुल्फिकारखान आता सल्ला देऊ लागला की याला सोडा. राजारामांची विधवा ताराबाई एकीकडे, हा एकीकडे, मराठे आपसांत लढतील. हिशेब चोख होता आणि पुढे तसे घडलेही. बेगमेनेही भावाजवळ शब्द टाकला असे सांगतात. ८ मे रोजी नर्मदेपलीकडे, भोपाळजवळच्या दोराहे येथून शाहू निघाले. येसूबाई, मदनसिंग आणि शाहूंची पत्नी सावित्रीबाई ओलीस म्हणून मागेच राहिल्या. आईला शत्रूच्या हाती ठेवून जावे लागलेला हा माणूस पुढे मवाळ निघाला म्हणून त्याला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा दिवस एकदा नीट वाचावा.

इथून पुढे आपला मुलूख येतो. शाहू नर्मदा उतरून खानदेशात आले तेव्हा त्यांना ओळखणार कोण? सात वर्षांचा गेलेला मुलगा दाढीमिशा घेऊन परत आला होता. ताराबाईंनी हा तोतया आहे असे म्हटले. राजकारणाच्या दृष्टीने ते अगदी स्वाभाविक होते. तेव्हा वऱ्हाडातून आपली फौज घेऊन जे पहिल्याप्रथम येऊन मिळाले त्यांत परसोजी भोसले होते. ताराबाईंच्या फौजेशी झालेल्या खेडच्या लढाईपूर्वी परसोजी शाहूंच्या ताटात जेवले आणि लोकांची शंका फिटली, असे सांगतात. बादशहाच्या घरी शिजलेले अन्न नाकारणारा मुलगा, आणि आता त्याच्या ताटातला घास खाऊन त्याला राजा ठरवणारा सरदार. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला राज्याभिषेक झाला. परसोजींच्या घराण्याला सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. त्याच घराण्यातले रघुजी पुढे गोंडांच्या गादीच्या भांडणात उतरले, त्यांच्या फौजेने आपली पवनी घेतली, भंडाऱ्याचा किल्ला घेतला. आज पवनीच्या किल्ल्याचा दरवाजा तुम्ही पाहता तेव्हा त्यामागे हे सगळे आहे. दोराह्याला तो तरुण सुटला नसता, किंवा ग्वाल्हेरला मेला असता, तर नागपूरकर भोसल्यांचा इतिहास असा घडला नसता, आणि आपल्या पंचक्रोशीचाही नाही.

सुटल्यानंतर शाहूंनी एक गोष्ट केली, तिच्यावरून अजून वाद होतात. खाफीखान हा त्या काळातलाच इतिहासकार. तो लिहितो की शाहू खुलदाबादला पायी चालत औरंगजेबाच्या कबरीवर गेले. काहींना हे शरमेचे वाटते, काहींना थोरपणाचे. मला दोन्ही बाजू घाई करतात असे वाटते. बापाचा खुनी आणि ज्याच्या तंबूशेजारी आपण लहानाचे मोठे झालो तो म्हातारा, ही दोन माणसे नव्हती. त्यांना वेगळे करता येत नव्हते म्हणूनच शाहूंना तिथे जावे लागले असेल. आणि तिथून उठून त्यांनी तलवार खाली ठेवली असेही नाही. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्याच वर्षीच्या जुलैत येसूबाई साताऱ्याला पोहोचल्या. जवळजवळ तीस वर्षांनी. मोगलांच्या सहा सुभ्यांतून चौथाई वसूल करणारा आणि मोगलांचे तख्त मोडू नका म्हणणारा राजा एकच होता. त्याला दुबळेपणा म्हणा, पण मग बाजीरावाला आणि रघुजींना त्याच राजाने मोकळे सोडले हेही मांडा.

साताऱ्यात बेगम मशीद आहे. शाहूंनी ती झीनतच्या आठवणीसाठी बांधली असे तिथले लोक सांगतात. झीनतची स्वतःची मशीद दिल्लीत दर्यागंजला यमुनेकाठी आहे, झीनत-उल-मसाजिद. लाल दगडाची, संगमरवरी पट्ट्यांचे घुमट असलेली. भाऊ आझम लढाईत मारला गेल्यावर ती दिल्लीला राहिली. तिने डोळ्यांदेखत पाच-सहा बादशहा येताना-जाताना पाहिले. मे १७२१ मध्ये ती वारली. म्हणजे येसूबाई दिल्लीहून निघाल्या तेव्हा ती जिवंत होती, पंचाहत्तर वर्षांची, त्याच शहरात. तिला त्या मशिदीत पुरले. १८५७ नंतर इंग्रजांनी मशीद ताब्यात घेतली आणि तिची कबर तिथे उरली नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे, आणि इथे शिक्षक बरेच बसलेले दिसतात. पवनीला मुलांची सहल नेता, किल्ला दाखवता, भोसल्यांची नावे सांगता. त्या वेळी रघुजींच्या मागे परसोजी सांगा, परसोजींच्या मागे शाहू सांगा, आणि शाहूंच्या मागे येसूबाईंच्या जोडीला झीनतउन्निसेचे नाव घ्या. खंडेराव आणि जगजीवन गुजर यांचेही घ्या. मुले विचारतील की शत्रूची मुलगी अशी कशी वागली. उत्तर तयार ठेवू नका. त्यांना आपसांत भांडू द्या.